विसाव्याचा दिवस

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाकडे परदेशी जाऊन यावं म्हणतोय. सोबत कोणती औषधं न्यावीत?" औषधांची यादी मी लिहून देतो आणि तिच्याखाली एक ओळ जोडतो : दर दोन दिवसांनी एक दिवस मोकळा ठेवा. ही ओळ मला वैद्यकीय ग्रंथांनी नव्हे, माझ्या आईने शिकवली.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये पुतण्याच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही लंडनला गेलो होतो. आईचे वय 81. पुतण्याची खोली लहान, म्हणून डॉलिस हिल भागात बारा दिवसांसाठी भाड्याने सदनिका घेतली. इस्लामपूरहून मुंबईचा विमानतळ गाठायलाच सात-आठ तास, त्यापुढे नऊ-दहा तासांचे उड्डाण. तरीही पहिल्या दिवशी थेम्स नदीतील बोटीची फेरी, दुसऱ्या दिवशी सकाळी किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर आणि दुपारी संग्रहालय, असा कार्यक्रम मीच आखला होता. 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरात राहिले, ते हे घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आहे. आईने तिथे भक्तिभावाने हात जोडले. थकल्याचे मात्र एका शब्दानेही सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना तिला अंधारी आली. सोबत नेलेल्या यंत्रावर बसलेल्या स्थितीत वरचा रक्तदाब 116 होता, उभे राहिल्यावर 92. उभे राहताच तो 20 किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याचा धोका वाढतो. दोन्ही पायांचे घोटे सुजलेले होते. सूज दोन्हीकडे सारखी होती, पोटरी दुखत नव्हती, धापही लागत नव्हती; म्हणून मन थोडे निश्चिंत झाले. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते आणि तेव्हा त्वरित रुग्णालय गाठावे लागते. मी डॉक्टर, परंतु दोन दिवसांत आईच्या पायांकडे माझे लक्ष गेले नव्हते. सहलीचा व्यवस्थापक होण्याच्या नादात मी मुलगाही राहिलो नव्हतो.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले. "एवढा पैसा घातलायस तू, आन् मी पाय सुजला म्हणून घरात बसू व्हय?" बाहेर स्वच्छतागृह सापडेल की नाही या धास्तीने ती दिवसभर पाणीही पीत नव्हती. लघवी वाढवणारा घटक असलेली तिची रक्तदाबाची गोळी त्या दिवशी मी थांबवली. वाचकांनी असा निर्णय स्वतः घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारावे.

त्या दिवसाचे सारे बेत रद्द झाले. दहा वाजेपर्यंत ती पाय उशीवर ठेवून पडून राहिली. थोड्या थोड्या वेळाने पाणी, सरबत, पातळ ताक दिले. मग स्वतःच म्हणाली, "काय तरी काम द्या." वेंबलीच्या ईलिंग रोडवरून आणलेली मेथीची जुडी सौ.ने तिच्यापुढे ठेवली. खिडकीशी बसून तिने ती सावकाश निवडली. फोडणीचा धूर होताच छतावरचे सूचकयंत्र किंचाळू लागले आणि पुतण्या टॉवेल हलवत धावला. प्रवासात आई प्रथमच मनमोकळी हसली.

संध्याकाळी आम्ही तिला जवळच्या ग्लॅडस्टन पार्कमध्ये नेले. तिथल्या अनेक बाकांवर दिवंगत माणसांच्या नावांच्या लहान पट्ट्या असतात. आमच्या बाकावरील नाव मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बरं केलं. बसायला जागा ठिवून गेला." आम्ही बराच वेळ बसलो. लंडनमध्ये जुलैत सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे उठण्याची घाई नव्हती. गावाकडच्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता तिने खरी अडचण सांगितली. रात्री न्हाणीघरात दिव्याचे बटण सापडत नव्हते. तिथे दिवा छतातून लोंबणारी दोरी ओढून लावतात, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. अंधारात चाचपडावे लागू नये, म्हणून तिने संध्याकाळनंतरचे पाणीही बंद केले होते.

सकाळच्या भोवळीचे अर्धे कारण त्या दोरीत होते. तपासणीत ते मला मिळाले नाही. घाई नसलेल्या गप्पांत मिळाले. त्या रात्रीपासून न्हाणीघरातील दिवा चालू ठेवला. आंघोळीच्या टबात शिरताना उंच काठ ओलांडावा लागे, तिथे न घसरणारी चटई घातली आणि सौ. हात धरू लागली. पुढे दोन दिवस फिरणे, एक दिवस घर, असा क्रम ठेवला. चार ठिकाणे पाहायची राहिली, परंतु समारंभाच्या दिवशी आई शेवटपर्यंत ताठ बसली होती.

ज्येष्ठांना परदेशी नेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी, उजेडात, घरातील दिवे, नळ आणि कुलपे त्यांच्याच हातून वापरून पाहावीत. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते. शरीराचे घड्याळ साधारण रोज एक तास सरकते, म्हणून पहाटे लवकर जाग येणे हा आजार नव्हे. दिवसातून एकदाच घ्यायची रक्तदाबाची गोळी बहुधा तिथल्या सकाळी घेतली तरी चालते, मात्र चुकलेली भरून काढण्यासाठी दोन घेऊ नयेत. इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. भारतातील चिठ्ठीवर तिथल्या दुकानात औषध मिळत नाही, त्यामुळे औषधे पुरून उरतील एवढी न्यावीत आणि ती हातातील सामानात ठेवावीत. प्रवासविमा काढताना जुने आजार लपवू नयेत.

आणि ज्येष्ठ वाचकहो, मुलांचा पैसा वाया जाईल म्हणून दुखणे दडवू नका. "आज मी घरी बसते", "आज मला जमणार नाही" एवढे मोकळेपणाने म्हणा. मुलगा पुण्यात असो वा परदेशात, त्याने तुम्हाला बोलावले आहे ते तुमच्या सहवासासाठी; आणि सहवास घरी बसूनही घडतो.