गुन्ह्याआधीची आई

छत्तीसगडमधल्या एका आईने २०१५ मध्ये आपल्या पाच आणि तीन वर्षांच्या मुलींना लोखंडी पहारीने ठार केले. हेतू सापडला नाही. अदृश्य शक्तीच्या अमलाखाली हातून घडले, एवढेच ती सांगत राहिली. खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा खून नसून सदोष मनुष्यवध असल्याचे ठरवून तिची सुटका केली, तोवर नऊ वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती. खेड्यापाड्यांत मनोविकार ओळखू येत नाहीत, ते अदृश्य शक्तीच्या माथी मारले जातात, याची दखल न्यायालयाने घेतली.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील इचोड्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बाळंतीण रात्र-रात्र जागू लागली, एकटीच बडबडू लागली, बाळाला जवळ घेईनाशी झाली, की ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा लावायचा, दृष्ट काढायची. डॉक्टर आठवतो तो फार उशिरा.

आणि हेच पुढे कोर्टात तिच्यावर उलटते. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, हे आरोपीनेच सिद्ध करायचे असते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४चीच री ओढते. जी कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, तिने कागद आणायचा कुठून? इंग्लंडमध्ये १९२२ पासून बालहत्येचा स्वतंत्र कायदा आहे. १९३८च्या सुधारित कायद्यानुसार प्रसूतीमुळे मनाचा तोल ढळलेल्या आईने वर्षाच्या आतल्या बाळाचा जीव घेतला, तर तो खून धरला जात नाही. आपली संहिता २०२४ मध्ये लागू झाली, पण त्यात अशी तरतूद नाही. ही मोठी चूक आहे.

प्रत्येक वेळी कारण आजारच असते असेही नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यात काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलाजेपायी आपले अर्भक मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसवणारा मोकळा राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाईला दूषणे दिली नाहीत. त्यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ४ डिसेंबर १८८४ पर्यंत तिथे ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या, असे जोतीरावांनी त्या दिवशी लिहून ठेवले आहे. मेलेल्या बाळाबद्दलची हळहळ त्यांनी पुढच्या बाळांना वाचवण्याच्या कामी लावली.

मारलेल्या लेकरांचा जीव कमी मोलाचा, असे कुणीही म्हणू नये. पण आईला ‘राक्षसीण’ म्हणून मोकळे झालेले गाव पुढचे लेकरू वाचवत नाही. आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांपर्यंत येतात. बाळंतीण विसंगत बोलते का, असा प्रश्नही त्यांच्या नमुन्यात आहे. उत्तर ‘हो’ आले तर इचोड्याहून तिला कुठे न्यायचे, मराठीच बोलणाऱ्या सुनेची विचारपूस तिथे कोण करणार, हे मात्र ठरलेले नाही. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाने आठवड्यातून एक दिवस इचोड्यात बसावे, सोबत मराठी आणि गोंडी जाणणारी समुपदेशक असावी. आणि अशा आईला अटक झालीच, तर पहिल्या दिवसांतच तिची मानसिक तपासणी होऊन अहवाल कोर्टापुढे जावा. जिल्हा प्रशासनाने हे याच वर्षी सुरू करावे.