नकाशाला हवी एक ओळ

ब्युमॉन्ट हे उत्तर डब्लिनमधलं उपनगर. 1987 साली सुरू झालेलं मोठं रुग्णालय ही त्याची ओळख. तिथे चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला रस्ता कुठून जातो एवढं कळून भागत नाही. पदपथाच्या कडेला उतार कुठे आहे, दिवे कुठवर आहेत, तेही लागतं. वरून घेतलेल्या छायाचित्रात हे धड दिसत नाही, वेगमर्यादा तर नाहीच. महापालिकेच्या दप्तरात मात्र यातलं बरंच असतं.

सुटीच्या दिवशी मी ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या गल्ल्या भरते. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा. भरावा कुणीही, वापरावा कुणीही. गूगल असताना ही उठाठेव कशाला, असं घरचेच विचारतात. गूगलचा नकाशा आपण कितीही दुरुस्त केला तरी तो गूगलच्याच मालकीचा राहतो, म्हणून.

डब्लिनच्या पालिका 2011पासून आपली माहिती खुली करताहेत. आयर्लंडच्या सरकारी माहितीचा परवाना म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय 4.0’: श्रेय द्या आणि वापरा. ऐकायला झकास! पण ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना 2012पासून वेगळा आहे. श्रेय कसं द्यायचं, माहितीला तांत्रिक कुलूप घालता येतं का, या मुद्द्यांवर दोघांचं जमत नाही. म्हणून अशी माहिती घ्यायची तर देणाऱ्याची स्पष्ट संमती आणा, असं नकाशाची संस्था 2017पासून सांगते आहे. म्हणजे माहिती खुली, पण हात लावायचा तर आधी पत्र लिहा.

संमती मिळाली तरी सगळं एकदम ओतू नये, या मताची मी आहे. दप्तर आणि जमीन यांत फरक असतो. पुण्याचंच घ्या. 2021च्या जूनमध्ये 23 गावं महापालिकेत आली. तिथला विकास आराखड्यातला, फक्त कागदावरचा रस्ता तसाच नकाशात चढवला, तर रुग्णवाहिका कुणाच्या तरी उसात जाऊन उभी राहील. यादी पालिकेने द्यावी, खातरजमा तिथे राहणाऱ्यांनी पायी फिरून करावी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने देशातल्या लोकांसाठी नकाशांवरची पूर्वपरवानगीची अट काढली. आता पुणे, नाशिक, नागपूरच्या आयुक्तांनी रस्त्यांची यादी खुली करताना खाली एवढंच लिहावं: ‘ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वापरण्यास हरकत नाही.’ रस्ते करदात्यांच्या पैशांतूनच मोजलेले आहेत. डब्लिनकडेही माझं हेच मागणं आहे.