कर्कश गाणी आणि मुकी जनावरे

‘हार्डकोर पंक’ या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्त्य संगीत प्रथमच ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याने कानांवर हात ठेवले, तर त्याला दोष देता येणार नाही. दीड-दोन मिनिटांत आटोपणारे गाणे, ड्रमचा बेफाम वेग आणि सुरापेक्षा आरोळीवर अधिक भिस्त, असा सगळा मामला. या आरडाओरडीचा भूतदयेशी काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि ध्वनिमुद्रिका विकून आलेली रक्कम जखमी व बेवारस प्राण्यांना आश्रय देणाऱ्या संस्थांकडे पाठवावयाची, ही रीत याच मंडळींत चांगली रुजली आहे.

तिचे मूळ शोधू गेल्यास वाट काही अंशी आपल्याच अंगणात येऊन पोहोचते. वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’ या बँडने १९८१ साली ‘स्ट्रेट एज’ हे गाणे काढले आणि दारू-सिगारेट वर्ज्य मानणारा तरुणांचा एक पंथच त्यातून निर्माण झाला. १९८८ साली न्यूयॉर्कच्या ‘यूथ ऑफ टुडे’ने ‘नो मोअर’ या गाण्यात मांसाहाराविरुद्ध आवाज उठविला. त्याच बँडचा गायक रे कापो पुढे कृष्णभक्त झाला व त्याने ‘शेल्टर’ नावाचा नवा बँड काढला. आणखी एका बँडने तर जपमाळेतील मण्यांची संख्या हेच आपले नाव ठरविले : ‘१०८’. अहिंसेचा विचार भरतखंडातून निघून न्यूयॉर्कच्या तळघरांत विजेच्या गिटारीवर वाजू लागला, ही गोष्ट आपल्याकडील संगीतसमीक्षकांच्या नजरेतून निसटावी, याचे नवल वाटते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास मात्र या चळवळीची आणखी एक बाजू महत्त्वाची वाटेल. या बँडांनी आरंभापासून मध्यस्थ टाळला. वॉशिंग्टनची ‘डिस्कॉर्ड’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी १९८० साली वादकांनीच काढली. त्याच शहरातील ‘फुगाझी’ या बँडने तिकीट पाच डॉलरांच्या आसपास राखले, आणि स्वतःच्या गावातील कार्यक्रम बहुशः मदतनिधीसाठी किंवा विनामूल्य केले. आज अशी गाणी प्रायः ‘बँडकॅम्प’सारख्या विक्रीकेंद्रातून विकली जातात, ते केंद्र विक्रीतील साधारण १५ टक्के वाटा ठेवून घेते. उरलेल्या रकमेतून पैसे हस्तांतराचे शुल्क वजा जाता बाकीचा पैसा थेट कलावंताकडे व तेथून संस्थेकडे जातो. 

याउलट मोठ्या मैफलीचे काय होते, ते १९७१ साली दिसून आले. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क येथे बांगलादेशातील निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम घडवून आणले. तिकीटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे लवकर पोहोचले. परंतु ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे त्याहून कितीतरी मोठे उत्पन्न करविषयक वादात अडकून वर्षानुवर्षे पडून राहिले. करसवलतीची व्यवस्था अगोदर झालेली नव्हती, एवढेच त्याचे कारण. निर्वासितांची भूक अर्थातच करखात्याच्या निकालासाठी थांबणार नव्हती.

मदतीच्या प्रयोगाची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून केलेला ‘संयुक्त मानापमान’ हा आपल्या रंगभूमीच्या इतिहासातील अविस्मरणीय प्रसंग होय. परंतु तो फंड होता. एकदा जमला की काम झाले. आश्रयस्थानातील जनावराला मात्र रोज खावे लागते. प्रश्नाची खरी ग्यानबाची मेख येथे आहे, आणि ती समजण्यासाठी नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारखे उत्तम ठिकाण नाही.

एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र सर्वांच्या परिचयाचे आहे. २१० मेगावॅटच्या संचांना कोळशाच्या वाघिणी सतत लागतात. एकदाच डोंगराएवढा कोळसा ओतून संच वर्षभर चालत नाही. आकाशातील वीज डोळे दिपविते, पण तिच्यावर दिवा लागत नाही. मदतीच्या मैफलीचा पैसा हा बराचसा आकाशातील विजेच्या जातीचा आहे.

आता ही चर्चा आजच का, असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांना आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व हल्लेखोर तेवढे ठेवून घ्यावेत, असे ठरविले, आणि प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढविली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्रे उचलून आश्रयस्थानांत नेण्यास सांगितले; ते पुन्हा त्याच जागी सोडावयाचे नाहीत. आदेशामागील चिंता रास्त आहे. कुत्रा चावतो तो बहुधा मोटारीतून जाणाऱ्याला नव्हे. पायी शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला चावतो.

परंतु आश्रयस्थाने बांधावयाची कोणी आणि चालवावयाची कोणाच्या पैशावर? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. एकलहरे जनगणनेच्या हिशेबी नगर, पण कारभाराच्या हिशेबी ग्रामपंचायतीचे गाव. लगतच्या नाशिकरोडपर्यंत महानगरपालिकेची हद्द येते आणि थांबते. कुत्र्यांना ती हद्द ठाऊक नाही. एका बाजूस शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्या बाजूस न झाल्यास दोन-तीन वर्षांत संख्या पूर्ववत होणार, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. शिवाय या भागात कुत्र्यांच्या प्रश्नास बिबट्याचे शेपूट आहे. उसात राहणाऱ्या बिबट्याला वस्तीतला मोकाट कुत्रा हे हमखास मिळणारे भक्ष्य असते. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्याचा विसर पडू नये.

हिशेबच मांडावयाचा तर असा : समजा, एका कुत्र्याच्या अन्नाला दिवसास ३० रुपये लागतात. शंभर कुत्र्यांच्या छोट्या आश्रयस्थानास केवळ अन्नासाठी वर्षाला १० लाख ९५ हजार रुपये हवेत; वैद्य, औषधे, नोकरांचे पगार निराळे. शंभर रुपयांची ध्वनिमुद्रिका विकून ८५ रुपये हाती पडत असतील, तर दरवर्षी सुमारे १२,९०० प्रती खपल्या पाहिजेत. मुंबईत ‘स्क्राइब’सारखे या संगीताचे चांगले बँड होऊन गेले, मागील दशकात लोकवर्गणीतून मैफलीही भरल्या, परंतु त्यांचा श्रोतृवर्ग शेकड्यांत, फार तर हजारांत मोजावा लागतो. तेव्हा शंभर कुत्र्यांचा वर्षाचा घास या मार्गाने भरणार नाही.

मग या देशात तो पूर्वी कसा भरत असे? १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि पारशी, जैन व हिंदू रहिवासी रस्त्यावर आले, दंगल झाली. त्यातून १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व मोतीशेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तिचा खर्च शेठजींच्या एकरकमी देणगीवर सोडलेला नव्हता. कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपण होऊन ‘लागा’ नावाची बारीकशी पट्टी बसविली होती. माल हलला की पैसा जमा होई. दात्याच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध नसे. नाशिकची पांजरापोळही एकोणिसाव्या शतकातलीच. तिच्या मागे जमिनीचे बळ आहे. त्या शेठजींचे राजकारण व जातीय हितसंबंध यांविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते वाचण्याजोगे आहे. पण नियमित उत्पन्न बांधून देण्याची त्यांची हातोटी आज कोणापाशी दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टच्या आदेशात दाद मागणाऱ्या श्वानप्रेमींना प्रत्येकी २५ हजार व संस्थांना २ लाख रुपये भरावयास सांगितले. तीही एकवारचीच रक्कम.

लाग्याची आधुनिक आवृत्ती कायद्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चण्यास सांगितले आहे आणि त्या कार्यांच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्टपणे नमूद आहे. सातपूर, अंबड, सिन्नर येथील कारखानदारी पाहता नाशिकच्या परिसरात असा पैसा उभा राहू शकत नाही, असे म्हणवत नाही. तो शाळेच्या फलकासाठी आणि छायाचित्रासाठी जितक्या तत्परतेने निघतो, तितका कुत्र्यांच्या रोजच्या भाकरीसाठी निघत नाही, ही अडचण आहे. महानगरपालिका व लगतच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक निर्बीजीकरण केंद्र चालवावे, आवर्ती खर्च अंदाजपत्रकातील तरतुदीतून व कंपन्यांच्या वार्षिक करारातून भागवावा. अशी जोडणी झाल्यास एकलहऱ्यासारख्या गावाला स्वतंत्र आश्रयस्थान बांधण्याचे अशक्य ओझे उचलावे लागणार नाही.

आणि बँडांचे काय? एकवारचा पैसा एकवारच्या कामास उत्तम. शस्त्रक्रियेचे टेबल, क्ष-किरण यंत्र, जखमी जनावर आणण्यासाठी एखादी जुनी टेम्पोगाडी : अशा वस्तू एका ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातून घेता येतात, पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. गाडीत रोज डिझेल घालण्याची जबाबदारी मात्र गिटार वाजविणाऱ्या पोरांवर ढकलता येणार नाही. ती पोरे आपल्या मिळकतीतला पैसा आपण होऊन देत आहेत. ज्यांच्यावर कायद्याने ती जबाबदारी टाकली आहे, त्यांच्या येत्या अंदाजपत्रकात या बाबीखाली कोणता आकडा पडतो, हे एकलहऱ्याच्या ग्रामसभेत विचारता येण्याजोगे आहे.