तळे राखील तो पाणी चाखील

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या हाती एखाद्या वस्तूची राखण असते, तो तिचा थोडाफार लाभ घ्यावयाचाच, असा तिचा व्यवहारातील अर्थ. बहुधा कोणाकडे बोट दाखवावयाचे असले, म्हणजे ती वापरली जाते. पण वऱ्हाडातील एका तळ्याला ही म्हण शब्दशः लावून पाहिली, तर तिच्यातून न्यायाची एक गोष्ट हाती येते. ते तळे म्हणजे काटेपूर्णेचा जलाशय.

काटेपूर्णा ही पूर्णेची उपनदी. वाशीमकडील उंच प्रदेशातून ती उत्तरेकडे वाहत येते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. अकोला जिल्ह्यात महान या गावाजवळ काटेपूर्णेवर धरण बांधले गेले आणि त्याच्यामागे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. अकोला शहराची तहान मुख्यत्वे याच पाण्यावर भागते. या पाण्याचे मोल पूर्णेच्या खोऱ्यातील माणसास निराळे सांगावयास नको. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील जमिनीच्या पोटातील पाणीच खारट असल्यामुळे, कष्टाने विहीर खोदली तरी तिला गोड पाणी लागेलच असा भरवसा नसतो. अशा प्रदेशात डोंगराकडून आलेले गोड पाणी साठवून ठेवणारे तळे ही केवढी मोठी ठेव!

ही ठेव राखतो कोण? धरणाची भिंत पाणी अडवते हे खरे. पण अडवणे निराळे आणि राखणे निराळे. जलाशयाच्या काठी साग, धावडा, तेंदू, मोह, सालई, पळस यांचे रान आहे. १९८८ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ७४ चौरस किलोमीटर आहे. पावसाच्या धारा उघड्या डोंगरावर कोसळल्या, म्हणजे माती सुटते, पाण्याबरोबर वाहते आणि धरणाच्या तळाशी गाळ होऊन बसते. जेवढा गाळ चढतो, तेवढी पाण्याची जागा कमी होते. डोंगरावर झाडी असली, म्हणजे पावसाचा मारा आधी पानांवर व फांद्यांवर पडतो. गळलेल्या पाल्याचा थर पाणी शोषून घेतो. मुळ्या माती घट्ट धरून ठेवतात. मग पाणी सावकाश झिरपत, निवळत तळ्यात उतरते. वेतन न घेता रात्रंदिवस उभे असलेले हे पहारेकरीच होत.

या पहाऱ्यात वन्य पशुपक्ष्यांचाही वाटा आहे. फळे खाऊन ते बिया दूरवर टाकतात आणि कोणी न पेरलेले रान उगवते. बिबट्या चरणाऱ्या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवतो, म्हणून कोवळी रोपे वाढीस लागतात. भेकर आणि चौसिंगा या दोन प्राण्यांसाठी काटेपूर्णेचे अभयारण्य विशेष प्रसिद्ध आहे. चौसिंगा हा लहानखुरा व लाजाळू प्राणी. नराच्या डोक्यावर नेहमीची दोन शिंगे असतात आणि त्यांच्यापुढे कपाळावर आणखी दोन आखूड शिंगे. वन्य पशूंमध्ये चार शिंगांचा असा हा एकटाच; आणि भारत व नेपाळ या देशांखेरीज तो रानात कोठे आढळत नाही. त्याला वारंवार पाणी प्यावे लागते, म्हणून तो पाण्यापासून फार दूर जात नाही. वैशाखात रानातील नाले आटले, म्हणजे त्याला जलाशयाच्या काठीच यावे लागते. त्याच वेळी काठावर कर्णे वाजवणारी आणि उष्ट्यामाष्ट्यासह प्लास्टिकच्या पिशव्या फेकणारी मंडळी बसलेली असली, तर तो तहानलेलाच माघारी वळतो. जो तळे राखतो, त्यालाच पाणी चाखता येऊ नये, हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, ‘हे तळे माणसाने बांधले, तेव्हा त्यावर हक्क माणसाचाच.’ हा विचार वरवर सरळ दिसतो. पण तो टिकणारा नाही. भिंत माणसाने बांधली. पाऊस, डोंगर आणि रान काही माणसाने निर्माण केले नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे जलाशयही माणसाने बंधारा घातल्यामुळेच तयार झाले. तरीसुद्धा तेथे हजारो पक्षी उतरू लागले आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, होण्याचा मान त्यालाच मिळाला. त्यानंतर आपल्या वऱ्हाडातील लोणारच्या सरोवरालाही तो मान लाभला. एक माणसाच्या हातचे, दुसरे आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने झालेले; पण तहानलेला पक्षी तळे कोणी खोदले हे विचारीत नाही.

दुसरा आक्षेप मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. रानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकात रोही आणि रानडुकरे शिरतात. त्याला रात्र रात्र जागलीवर काढावी लागते. गुरे चारण्यावर आणि सरपण तोडण्यावर बंधने येतात. रानाच्या राखणीची झळ अशी खेड्याला लागते आणि राखलेले गोड पाणी शहराच्या नळाला येते. तेव्हा ही झळ खेड्याने एकट्याने सोसावी, असे म्हणणे योग्य नव्हे. पिकांच्या नुकसानीची भरपाई शासन देते. ती वेळेवर व पुरी मिळावी आणि सरपणाऐवजी दुसरे इंधन घरोघर पोचावे, यासाठी शहरवासीयांनी आग्रह धरला पाहिजे. खेडूतही तळ्याच्या राखणदारांपैकीच एक आहे.

आपल्या संविधानात १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. अरण्ये, सरोवरे, नद्या व वन्य जीवसृष्टी यांचे रक्षण करणे हे त्यांपैकी एक कर्तव्य होय. मुलांनो, हे कर्तव्य मोठ्या माणसांचे आहे असे समजून तुम्ही दूर राहू नका. अभयारण्यात गेलात तर शांतपणे पाहा, आपला केरकचरा परत घेऊन या आणि सूर्य मावळण्यापूर्वी काठ मोकळा करा. घरी असाल तेव्हा वाहता नळ बंद करा. कारण वाचलेला प्रत्येक घडा त्या जलाशयातच शिल्लक राहतो आणि उन्हाळ्यात चौसिंग्याच्या वाट्याला येतो. जो तळे राखील त्याला पाणी मिळावे, हे तर खरेच. पण जो रोज पाणी चाखतो, त्याने तळे राखलेही पाहिजे. म्हणीची ही दुसरी बाजू अकोल्यातील प्रत्येक घराने ध्यानात धरावी, असे मला वाटते.