लिस्बनचा भूकंप आणि इच्छास्वातंत्र्य

ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे; मग जगात दुष्टता आली कोठून? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत प्रभावी उत्तर संत ऑगस्टीनने दिले. तारुण्यात तो मानीच्या पंथात होता. प्रकाश व अंधार ही दोन अनादी तत्त्वे एकमेकांशी झगडत असतात, असे तो पंथ मानी. आपले पाप त्या अंधाराच्या माथी मारून मोकळे होण्याची त्यात चांगली सोय होती. ख्रिस्ती झाल्यावर, ३८८ च्या सुमारास, ऑगस्टीनने इच्छास्वातंत्र्यावरील आपला संवाद लिहावयास घेतला आणि ही पळवाट बंद केली. दुष्टता हे स्वतंत्र तत्त्व नव्हे, तो चांगुलपणाचा अभाव आहे. ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले, त्याचा दुरुपयोग मात्र माणसाचा स्वतःचा.

खुनी, लाचखाऊ, जुलमी राजा यांच्यापुरते हे उत्तर मला आजही पटते. पण धरणीकंपाचे काय?

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बन हादरले. देवळे प्रार्थनेसाठी भरलेली होती. ती भाविकांवर कोसळली. मागून समुद्र आत आला आणि शहरात आग पेटली. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७५६ मध्ये पुस्तिका काढून, हे लोकांच्या पापाचे फळ आहे, असे बजावले. आदमच्या पापाचे ओझे सर्व मानवजातीवर आहे हे एकदा मानले, की ढिगाऱ्याखालच्या तान्ह्या मुलालाही आरोपी करता येते. (या मालाग्रिदाला पुढे १७६१ साली पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले. त्या न्यायात धर्मापेक्षा राजकारणच अधिक होते.)

आपण याला हसण्यापूर्वी थोडे थांबावे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे खुद्द गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांना जाहीर विरोध करावा लागला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातही ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा आक्षेप घेतलेला आहे. ईश्वर प्राण्यांच्या कर्माप्रमाणे फळ देतो आणि संसार अनादी आहे, हे शंकराचार्यांचे समाधान. तर्काला ते निरुत्तर करील. पण मूल गमावलेल्या आईला तिच्या पूर्वकर्माचा हिशेब सांगणारा शेजारी आणि मालाग्रिदा यांत मला फरक दिसत नाही. ‘मी केले, मी जबाबदार’ असे स्वतःविषयी म्हणण्यात या सिद्धांताचे तेज आहे. तो दुसऱ्याच्या दुःखाकडे वळवला की त्याचे आरोपपत्र होते.

लिस्बनवर व्हॉल्टेअरने कविता लिहिली आणि हे जग उत्तमोत्तम आहे असे म्हणणाऱ्यांची झोप उडवली. त्याला १७५६ मध्ये पत्र लिहून रूसोने वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजली घरे एका जागी निसर्गाने दाटीवाटीने उभारली नव्हती. मला या वादात रूसोचे म्हणणे अधिक उपयोगी वाटते. माणसाचे स्वातंत्र्य आदमच्या बागेत शोधण्यापेक्षा गवंड्याच्या ओळंब्यात शोधावे, असाच त्याचा अर्थ होतो.

पुढे मार्क्विस पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रधानाने नवी घरे लाकडी सांगाड्यावर बांधविली. शिवाय गावोगावच्या पाद्र्यांकडे त्याने प्रश्नावली धाडली. त्यात पापाची चौकशी नव्हती. धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे दगावली, समुद्र आधी ओसरला की चढला, असे ते प्रश्न होते. पाद्र्यांनी लिहून पाठविलेली उत्तरे लिस्बनच्या दफ्तरखान्यात अजून जपून ठेवलेली आहेत.