ठरवून आणि फसवून

‘ओपन मॅरेज’ म्हणजे बाहेरख्यालीपणाला दिलेलं सभ्य नाव, असं मानणारे पुष्कळ आहेत. लग्नाबाहेर संबंध आला की ती बेइमानी. जोडीदाराला सांगून केली म्हणून ती इमानदारी कशी ठरेल, असा त्यांचा सवाल असतो. सवाल उथळ नाही. पण त्यात नात्यातली माणसं तेवढी मोजली जातात. दिलेला शब्द पाळला की मोडला, हे पाहिलंच जात नाही.

फसवणुकीत नेमकं काय घडतं? समजा, नवऱ्याचं दोन वर्षं बाहेर प्रकरण चालू आहे आणि बायकोला पत्ता नाही. याच दोन वर्षांत ती गृहकर्जाच्या कागदांवर सही करते, दुसऱ्या मुलाचा निर्णय घेते, घरासाठी बढती नाकारते, निरोधाची गरज नाही असं धरून चालते. यातला प्रत्येक निर्णय तिनं खोट्या माहितीवर घेतलेला असतो. खरा घाव इथे बसतो. तिच्या आयुष्याचे निर्णय कोणीतरी परस्पर फिरवलेले असतात, आणि तेही ज्याच्यावर तिनं डोळे मिटून विश्वास टाकला त्यानं.

दोघांनी आधी बोलून मोकळीक ठेवली असेल तर गोष्ट वेगळी होते. एकमेकांना काय सांगायचं, तपासण्या किती दिवसांनी करायच्या, घरी कोणाला आणायचं नाही, एकाला नको वाटलं तर कसं थांबायचं, हे ठरलेलं असतं. अशा नात्यातही फसवणूक होते. ठरलेलं मोडलं आणि लपवलं की झालीच. दोन्ही गोष्टी एकच असत्या, तर खुल्या नात्यात फसवणुकीला जागाच उरली नसती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टेरी कॉनली आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात हा फरक वागण्यातही दिसला: उघडपणे एकाहून अधिक जोडीदार असणाऱ्यांपेक्षा लपवून संबंध ठेवणारे सुरक्षित संभोगाची काळजी कमी घेत होते.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड’ हा आक्षेप तर टिकणाराच नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात र. धों. कर्व्यांनी ‘व्यभिचाराचा प्रश्न’ हा लेख छापला, त्यापायी १९३१ साली त्यांच्यावर खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला. मराठीत हा वाद इतका जुना आहे.

आपल्या कायद्याला तर संमतीचा मुद्दा त्याहूनही आधीपासून ठाऊक होता, पण भलत्याच रूपात. भारतीय दंड संहितेच्या ४९७ कलमाखाली दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. मात्र तिच्या नवऱ्याची संमती किंवा मूकसंमती असेल तर गुन्हाच नव्हता. बायकोला काय हवंय, हे विचारायची गरज कायद्याला वाटली नाही. स्वतःचा नवरा बाहेर गेला तर या कलमाखाली तिला तक्रारही करता येत नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ ला जोसेफ शाइन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम एकमतानं रद्द केलं. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र आजही आहे. त्यातही हिंदू विवाह कायद्याचं २३ वं कलम सांगतं, की त्या कृत्याला ज्याची साथ किंवा मूकसंमती होती त्याला त्याच कारणावरून घटस्फोट मागता येणार नाही. फसवला गेलेला आणि सहभागी असलेला जोडीदार यांत न्यायालयही फरक करतं.

इथे खुल्या नात्यांच्या समर्थकांनाही काही ऐकवायला हवं. अंगवस्त्र बाळगणाऱ्या सरदार-सावकारांच्या बायकांना नवरा कुठे जातो हे ठाऊक असायचं. त्या गप्प बसायच्या, कारण माहेरचं दार बंद आणि हातात पैसा नाही. त्या गप्प बसण्याला संमती म्हणणं हा अन्याय आहे. आज प्रकरण उघडकीला आल्यावर ‘आता आपण ओपन राहू’ म्हणणारा नवराही तेच करतो. ‘नाही’ म्हणून सन्मानानं बाहेर पडता येत असेल, तरच ‘हो’ला अर्थ आहे.

आणि तिसऱ्या माणसाचं काय? १९२९ साली फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांनी एकमेकांपासून काही न लपवण्याचा आणि इतर प्रेमांना वाव ठेवण्याचा करार केला. त्याचे गोडवे पुष्कळांनी गायले. बोव्हार यांची विद्यार्थिनी बियांका लांब्लँ या दोघांच्याही प्रेमात ओढली गेली; १९४० मध्ये दोघांनीही तिला दूर केलं. ती ज्यू होती आणि फ्रान्सवर नाझींचं सावट होतं. बोव्हार यांच्या मृत्यूनंतर त्यांची पत्रं छापली गेली, तेव्हा आपल्याबद्दल हे दोघं एकमेकांना काय लिहीत होते हे बियांकाला कळलं. १९९३ साली तिनं आपली बाजू पुस्तकातून मांडली. दोघांमध्ये पारदर्शकता होती, पण तिच्यापुरती ती फसवणूकच होती.

भारतात या तिसऱ्या व्यक्तीची स्थिती आणखी नाजूक आहे. पुरुष विवाहित आहे हे माहीत असून त्याच्याबरोबर राहिलेल्या इंद्रा शर्मा यांना २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण नाकारलं. ते नातं विवाहसदृश नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आपल्या नात्याला खुलं म्हणवणाऱ्या जोडप्यानं नव्या जोडीदाराला तपासण्यांच्या अहवालाबरोबर हेही सांगायला हवं, आणि तेही ती आपलं घर सोडून त्यांच्याकडे राहायला येण्याआधी.