लग्न हे पीसीओएसचं औषध नाही

"शादी कर दो, सब ठीक हो जाएगा." पॉवर हाउसजवळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी हे आईला सांगितलं, माझ्याकडे न बघता. चार महिने पाळी नव्हती, हनुवटीवर राठ केस आणि मानेवर काळा पट्टा. मी पीएचडी करते, पण तिथे लग्न लांबलेली मुलगी एवढीच माझी ओळख होती.

त्या काळ्या मानेबद्दल बोललंच पाहिजे. हॉस्टेलमध्ये एका सवर्ण मुलीने हसत विचारलं होतं, "मान घासत नाहीस का?" मी घासली. साबणाने, बेसनाने, कातडी सोलेपर्यंत. इन्सुलिन शरीराला नीट लागू पडत नाही, म्हणून रक्तात ते वाढतं आणि मानेची, काखेची त्वचा जाड आणि काळी होते, हे कुणी सांगितलंच नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला घाणेरडं म्हणून झालं; आता हार्मोन्सचा बिघाडही आपल्याच अस्वच्छतेच्या खात्यावर. आणि दुःख असं, की आपणही त्यावर विश्वास ठेवतो.

मग 'लाइफस्टाइल'. रोज तासभर चाला, बदाम खा, अंडी-मटण सोडा. चालणं उपयोगी आहे, नाकारत नाही. पण सेक्टरमधल्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर चालणं वेगळं आणि कॅम्पच्या गल्लीत अंधार पडल्यावर चालणं वेगळं. १ जुलै १९९२ ला इथल्याच रेल्वे रुळांवर कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा भांडण कायम नोकरीचं आणि जगण्यापुरत्या वेतनाचं होतं. कंत्राटी घरात मोकळा तास आजही नाही. आणि अंडी का सोडायची? रेशनच्या भाताच्या ताटात स्वस्तातलं प्रोटीन तेच. पीसीओएसमध्ये अमुकच आहार श्रेष्ठ असा पुरावा नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत हेच आहे. शाकाहाराचा आग्रह विज्ञानातून येत नाही, तो कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे.

गर्भनिरोधक गोळी हा पाळी नियमित करण्याचा पहिला उपाय. पण कुमारिकेच्या पर्समध्ये ती सापडली तर वस्तीभर चर्चा! १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, त्यावरचं भाषण बाबासाहेबांनी लिहिलं होतं. त्यांच्या लेकींनी गोळी लपवून का खावी?

पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल आणि चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर मोठ्या मुलीत निदानासाठी सोनोग्राफी लागतेच असं नाही; थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन मात्र तपासून घ्यावं लागतं. साखर तपासा, रक्तदाब मोजा. मन सतत खचलेलं असेल तर तेही सांगा, ते नखरे नव्हेत. मेटफॉर्मिन महाग नाही, सरकारी दवाखान्यात मधुमेहासाठी ती रोज दिली जाते. आणि पाळी तीन महिन्यांवर चुकत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. "मूल हवं असेल तेव्हा बघू" म्हणणाऱ्या डॉक्टरला हे विचारा.

दुसऱ्या दवाखान्यात मी आईला बाहेर बसवलं आणि तपासण्यांची यादी स्वतःच लिहून नेली.